प्रति: नोंदी भरपूर असतील तर चाचणी कशाला?

लाखभर नोंदी घेऊन वय, उत्पन्न ‘अ‍ॅडजस्ट’ केलं (म्हणजे त्यांतल्या फरकाचा परिणाम गणिताने काढून टाकला) की कार्यकारण कळतं, चिठ्ठ्या टाकून गट पाडणाऱ्या चाचणीची गरज नाही, हे इथे कुणी मांडलेलं म्हणणं पटलं नाही. जे मोजलंच नाही ते अ‍ॅडजस्ट कसं करणार? तपासणीला आपणहून येणारी बाई मुळातच तब्येतीला जपणारी असते; मग फायदा तपासणीचा की त्या जपण्याचा, हे नोंदींतून कसं कळणार? म्हणून तपासणी कुणाला, हे चिठ्ठीने ठरवायचं.

टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी व्हिनेगर लावून तपासणीची चाचणी केली. सुमारे दीड लाख बायका, पण चिठ्ठी टाकली ती एकेका बाईवर नाही, २० वस्तीगटांवर: काही वस्त्यांना तपासणी, बाकीच्यांना नाही. एकीला बोलवायचं आणि भिंतीपलीकडच्या शेजारणीला नाही, हे वस्तीत जमतंय होय? अर्थात मग एका वस्तीतल्या बायकांचं आपसातलं साम्यही हिशेबात धरावं लागतं. बोलावूनही न आलेल्या तपासणीगटातच मोजल्या, तरी त्या गटात या कर्करोगाचे मृत्यू दुसऱ्या गटापेक्षा ३१ टक्क्यांनी कमी. (दुसऱ्या गटाला तपासणी न देण्यावरून वाद झाला, तोही रास्तच.)