मदत हवी आहे: चिखलात उभ्या फ्लेमिंगोंचा 'थवा' म्हणायचा का?

नेरूळच्या आमच्या सोसायटीच्या अंकासाठी ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंवरचा इंग्रजी लेख मराठीत करतेय. अडलंय 'फ्लॉक'वर. इंग्रजीत तो पक्ष्यांना चालतो, शेळ्यामेंढ्यांना चालतो, चर्चच्या भाविकांनाही. शिवाय क्रियापद झालं की माणसंही 'फ्लॉक' करतात! उडणाऱ्यांना 'थवा' लिहिलं, ते ठीक. पण ओहोटीला माना खाली घालून चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना थवा म्हणताना कानाला खटकतं, आणि 'कळप' म्हटलं की मेंढरंच दिसतात. 'समुदाय' फार सरकारी. फ्लेमिंगोंसाठी 'फ्लॅम्बॉयन्स' असा खास शब्दही आहे, पण मूळ लेखात तो नाही, म्हणून नको. शब्दकोश पाहून झालेत. लहान मुलंही वाचणार आहेत, तेव्हा सोपा, बोलण्यातला शब्द हवा. खाडीकाठच्या आगरी-कोळी घरांत अशा बसलेल्या, चरणाऱ्या पक्ष्यांच्या घोळक्याला काय म्हणतात?