एबीएस काढण्याआधी सेन्सर बघा

कारच्या एबीएसचा (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक, म्हणजे जाम, होऊ न देणारी यंत्रणा) दिवा जात नाही आणि तिचं मॉड्यूल, म्हणजे ब्रेकचा दाब सांभाळणारं युनिट, महाग पडतंय, तर ते काढून ब्रेकच्या नळ्या थेट जोडा, असं इथे एकाने सुचवलंय. कृपा करून हे करू नका.

मॉड्यूलच गेलंय हे ठरवलं कोणी? आधी स्कॅनर लावून दोषाचा कोड वाचून घ्या. बऱ्याचदा दोष चाकाजवळच्या, चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरमध्ये निघतो. पावसाळ्यात चिखल आणि लोखंडाचा बारीक चुरा त्याच्या टोकाला चिकटतो, नाहीतर सस्पेन्शनच्या कामात वायर ताणली जाते आणि कनेक्टरमध्ये हिरवट गंज चढतो. कधी साफसफाईनेच भागतं. सेन्सर बदलावा लागला तरी मॉड्यूलच्या मानाने खर्च किरकोळ.

मुख्य मुद्दा ईबीडीचा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा दाब वाटून देण्याचा. मागच्या चाकांना किती दाब द्यायचा हे तेच मॉड्यूल सांभाळतं, आणि अशा बऱ्याच गाड्यांत मागचा दाब मर्यादेत ठेवणारा जुन्या पद्धतीचा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह ठेवलेलाच नसतो. नळ्या थेट जोडल्यावर जोरात ब्रेक दाबला की वजन पुढे जातं, हलकी झालेली मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी गर्रकन फिरते. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या ओल्या उतारावर, मागे ट्रेलर असताना असं झालं तर? नुसत्या विचाराने काटा येतो.

एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, ते उगाच नाही.

फक्त एबीएसचा पिवळा दिवा असेल तर साधा ब्रेक लागतो, जपून गॅरेज गाठा. सोबत ब्रेकचा लाल दिवाही पेटला असेल तर गाडी हलवू नका, टो करून न्या. कोड मिळाला की मॉडेल आणि वर्षासकट इथे टाका.