जुन्या लॅपटॉपचा आवाज: हेडफोनमध्ये येतो, स्पीकरमध्ये नाही. ड्रायव्हर कोणता टाकायचा?

वाचनालय_पारोळा

राम राम मंडळी. लॅपटॉप तिसऱ्या पिढीच्या आय-३ चा आहे, ४ जीबी रॅम. आधी विंडोज ७ होतं. हार्ड डिस्क काढून २५६ जीबीची एसएसडी बसवली आणि विंडोज १० (६४ बिट) कोरं टाकलं. आता स्पीकरमधून आवाज येत नाही, हेडफोन लावला की येतो.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये नुसतं 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' दिसतं, पिवळी खूण नाही. घड्याळाशेजारच्या स्पीकरवर फुली नाही. गाणं लावलं की साऊंडमधली हिरवी पट्टी वरखाली होते, पण बाहेर शांतता. कंपनीच्या साइटवर या मॉडेलला विंडोज ८ पर्यंतचेच ड्रायव्हर आहेत, १० चा नाहीच. एक फुकटचं 'ड्रायव्हर अपडेटर' टाकून पाहिलं, ते म्हणतं सगळं अपडेटेड आहे.

लॅपटॉप आधी एका कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात वापरात होता, आता वाचनालयात मुलांना प्रोजेक्टरवर धडे दाखवायला घेतलाय. प्रोजेक्टर एचडीएमआयने जोडतो. नेट मोबाइलचंच आहे, त्यामुळे मोठं काही डाउनलोड करायच्या आधी विचारतेय.

भुसावळ_बेंच

ताई, आधी ते अपडेटर काढून टाका. ही सॉफ्टवेअरं भलताच ड्रायव्हर सुचवू शकतात, आणि सोबत जाहिराती आणतात त्या वेगळ्याच.

साऊंडचा ड्रायव्हर लॅपटॉपच्या नावाने शोधायचा नसतो, आतल्या कोडेक चिपच्या (आवाजाचं काम सांभाळणाऱ्या चिपच्या) नावाने शोधायचा असतो. एकाच मॉडेलच्या दोन लॉटमध्ये दोन वेगळ्या चिपा निघतात. विंडोज की आणि एक्स एकत्र दाबा, डिव्हाइस मॅनेजर उघडा, 'साऊंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स' खालच्या त्या नोंदीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स टॅब, आणि वरच्या यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. पहिली ओळ घ्या. तिच्यात व्हीईएन नंतरची चार अक्षरं म्हणजे चिप बनवणारी कंपनी: १०ईसी असेल तर रिअलटेक, १४एफ१ कोनेक्झंट, १११डी आयडीटी, ११०६ व्हीआयए. डीईव्ही नंतरची चार म्हणजे चिपचा नंबर. १०ईसी आणि ०२६९ दिसलं तर चिप रिअलटेक एएलसी २६९. पुढे सबसिस्टिमचा आठ अक्षरी आकडा असतो, त्यातली पहिली चार लॅपटॉप कंपनीची: १०३सी एचपी, १०२८ डेल, १७एए लेनोवो, १०२५ एसर.

तिथे दोन नोंदी असतील तर ८०८६ वाली (इंटेल डिस्प्ले ऑडिओ) सोडून द्या. ती एचडीएमआयच्या आवाजाची असते आणि ग्राफिक्सच्या ड्रायव्हरसोबत येते. पुष्कळ लोक तिचाच आयडी कॉपी करतात आणि मग भलताच ड्रायव्हर उतरवतात.

आता तुम्हाला दिसतंय ते 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' म्हणजे मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण ड्रायव्हर. चिप सापडली, पण तिचा खास ड्रायव्हर मिळाला नाही, म्हणून कामचलाऊ बसवला, एवढाच त्याचा अर्थ. बऱ्याच लॅपटॉपवर तो पुरतो. पण काही मॉडेलांत स्पीकरचा अॅम्प्लिफायर वेगळा असतो आणि तो चालू करण्याचा इशारा कंपनीचाच ड्रायव्हर देतो. तिथे नेमकं तुमच्यासारखं होतं: पट्टी हलते, हेडफोन वाजतो, स्पीकर मुका. पण असंच लक्षण दुसऱ्या कारणानेही येतं, म्हणून आयडी टाका आधी.

पिवळी खूण असती तर वेगळं बोललो असतो. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही, कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण डिव्हाइस सुरू होत नाही. आणि साऊंडची नोंदच गायब असेल तर 'सिस्टिम डिव्हायसेस' मध्ये 'हाय डेफिनिशन ऑडिओ कंट्रोलर' बघायचा. तो नीट नसेल तर आधी चिपसेटचा (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांचा) ड्रायव्हर, नंतर ऑडिओचा. उलट क्रमाने टाकलं की कोडेक सापडतच नाही.

जळगाव_केबल

एक फुकटचं काम आधी करून घ्या. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा, पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा, मग सगळं लावून चालू करा. विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप असतं, त्यामुळे शटडाउन केलं तरी ड्रायव्हर जुन्याच अवस्थेतून उठतात. निदान रीस्टार्ट तरी करा, नुसतं बंद-चालू नको.

दुसरं, प्रोजेक्टर एचडीएमआयने लावला की विंडोज आवाज तिकडेच वळवतं. घड्याळाजवळच्या स्पीकरवर क्लिक करून वर कोणत्या डिव्हाइसचं नाव आहे ते बघा. प्रोजेक्टरला स्पीकर नसेल तर पट्टी हलेल आणि ऐकू काहीच येणार नाही.

वाचनालय_पारोळा

प्रोजेक्टर काढूनच तपासलंय दादा, नाव 'स्पीकर्स' चंच आहे. ३० सेकंदांचं केलं, फरक नाही. अपडेटर काढलं.

आयडीत व्हीईएन १११डी आहे. म्हणजे आयडीटी ना? मग त्या कंपनीच्या साइटवरून घ्यायचा का? आणि विंडोज ८ चा ड्रायव्हर १० वर चालेल?

धुळे_टर्मिनल

ड्रायव्हरच्या मागे लागण्याआधी एक चाचणी करा, अर्ध्या तासाचं काम आहे आणि मग अंदाज बांधत बसावं लागत नाही. लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) पेनड्राइव्हवरून चालवा. एसएसडीवर काही टाकायचं नाही, विंडोजला हात लावायचा नाही. ८ जीबीचा पेनड्राइव्ह, त्यावर रुफस किंवा व्हेंटॉयने (पेनड्राइव्ह बूट होण्याजोगा करणारी फुकट सॉफ्टवेअरं) मिंटची आयएसओ, म्हणजे अख्ख्या सिस्टिमची एक फाइल. फाइल जवळपास ३ जीबीची आहे, तेवढा डेटा नसेल तर तालुक्याला कुणाच्या तरी वायफायवर उतरवून आणा. ४ जीबी रॅममध्ये एक्सएफसीई आवृत्ती हलकी पडते. लॅपटॉप चालू करताना बूट मेन्यूची की दाबायची (मॉडेलनुसार एफ १२, एफ ९ किंवा एस्केप). डेस्कटॉप आला की इन्स्टॉलच्या चिन्हावर अजिबात क्लिक करू नका.

कोडेकची माहिती लिनक्सच्या कर्नेलमध्येच (सिस्टिमच्या गाभ्यातच) असते, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. म्हणून निकाल सरळ आहे. मिंटमध्ये स्पीकर वाजला तर वायर, अॅम्प्लिफायर, स्पीकर सगळं शाबूत, दोष विंडोजच्या ड्रायव्हरचा. नाही वाजला तर टर्मिनल उघडून 'अल्सामिक्सर' (alsamixer) टाइप करा (इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता). एफ ६ दाबून साऊंड कार्ड निवडा, एचडीएमआयवालं नको. मास्टर आणि स्पीकरच्या पट्टीखाली 'एमएम' दिसलं तर ती म्यूट आहे, एम दाबून उघडा. मग उजव्या बाणाने शेवटापर्यंत जा, 'ऑटो-म्यूट मोड' सापडेल. तो 'डिसेबल्ड' करा.

ऑटो-म्यूट बंद केल्याबरोबर स्पीकर वाजला तर ड्रायव्हरचा शोध तिथेच थांबवा. कारण मग लॅपटॉपला वाटतंय की हेडफोन लावलेलाच आहे. जिनिंगचं नाव वाचलं तेव्हापासून मला जॅकचाच संशय आहे.

वाचनालय_पारोळा

केलं. मिंटमध्येही स्पीकर गप्प. साऊंड सेटिंगमध्ये काही न लावता 'हेडफोन्स' निवडलेलं दिसतं. एमएम कुठेच नव्हतं. ऑटो-म्यूट डिसेबल्ड केलं आणि दोन्ही स्पीकर वाजले! परत एनेबल्ड केलं की बंद. म्हणजे ड्रायव्हर नाही तर जॅक? पण मग आता विंडोजमध्ये काय करू?

भुसावळ_बेंच

धुळेवाल्या दादांनी बरोबर पकडलं. आता जॅक.

३.५ मिलीमीटरच्या जॅकच्या आत एक बारीक स्विच असतो, म्हणजे दोन पितळी पत्र्या. पिन आत गेली की पत्री सरकते आणि कोडेकच्या सेन्स पायावरचा (जॅकमध्ये काही लागलंय का ते ओळखणाऱ्या पिनेवरचा) रेझिस्टन्स बदलतो. प्रत्येक जॅकला ठरावीक किंमत असते, ५.१, १०, २० किंवा ३९.२ किलोओहम. तेवढ्यावरून कोडेक ठरवतं की हेडफोन आला, स्पीकर बंद करा. पिन खरंच आहे की नाही हे त्याला दिसत नाही. कापसाचा तूस आत जाऊन पिनीने दाबला जातो, वर धूळ आणि दमट हवा, की त्याचा घट्ट बोळा होतो. पत्री अडकली की लॅपटॉपच्या लेखी हेडफोन कायमचा लागलेला.

साफ करायची पद्धत अशी. लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला, बॅटरी काढलेली. टॉर्च मारून आत बघा. लाकडी टूथपिकची टोकं तासून बारीक करा आणि तूस बाहेरच्या दिशेने ओढा, आत ढकलू नका. सुई, टाचणी, स्टेपलरची पिन नको, पत्री वाकली की जॅकच बदलावा लागतो. मग हातपंपाच्या ब्लोअरने तिरकी हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकी जाते. त्यानंतर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल एका जुन्या हेडफोनच्या पिनीला लावा (थेंब लोंबता कामा नये), पिन १०-१५ वेळा आत-बाहेर करा, प्रत्येक वेळी थोडी फिरवा. अल्कोहोल मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे मिळतं. खोबरेल, रॉकेल, गंज काढायचा स्प्रे यातलं काही नको, तेलकट थर राहतो आणि त्यावर पुन्हा तूस बसतो. अर्धा तास वाळू द्या.

नंतर परत मिंटवर बघा. काही न लावता सेटिंगमध्ये 'स्पीकर्स' आलं, पिन लावल्यावर 'हेडफोन्स' झालं आणि काढल्यावर परत 'स्पीकर्स', म्हणजे स्विच सुटला.

नाही सुटला तर जॅक बदला. काही लॅपटॉपांत जॅक यूएसबीसोबत छोट्या वेगळ्या बोर्डावर असतो. तो बोर्ड पट्टीच्या केबलसकट बदलतात, दहा मिनिटांचं काम. मदरबोर्डवर असेल तर हॉट एअर (गरम हवेने सोल्डर वितळवायचं यंत्र) लागतं, ते घरी करू नका. जळगावला गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्यात चिप लेव्हल काम करणाऱ्याकडेच द्या. देताना 'साऊंड बिघडलाय' म्हणू नका, 'जॅकचा सेन्स स्विच अडकलाय, ऑटो-म्यूट बंद केल्यावर स्पीकर वाजतात' असं सांगा. नाहीतर विंडोज परत टाकून त्याचे पैसे लावतील.

शिरपूर_साऊंड

मध्येच बोलतो. वाचनालयाच्या खोलीत २५-३० पोरं असतील तर लॅपटॉपचे एकेक-दोनदोन वॅटचे स्पीकर जॅक नीट होऊनही पुरणार नाहीत. यूएसबी साऊंड कार्ड घ्या, दोन-तीनशेत येतं. विंडोज आणि लिनक्स दोघांनाही ते न सांगता ओळखता येतं, ड्रायव्हर लागत नाही, आणि लॅपटॉपच्या जॅकचा संबंधच संपतो. त्याला अॅम्प्लिफायरवाला स्पीकर जोडा. साऊंड सेटिंगमध्ये एकदा आउटपुट म्हणून निवडून ठेवा. फक्त प्रत्येक वेळी त्याच यूएसबी पोर्टला लावा, पोर्ट बदललं की विंडोज ते नवीन डिव्हाइस समजतं.

वाचनालय_पारोळा

तूस खरंच निघाला, काळा पडलेला, ज्वारीच्या दाण्याएवढा! मिंटमध्ये आता आपोआप 'स्पीकर्स' येतंय. विंडोजमध्येही वाजायला लागलं, पण आवाज बारीक आहे आणि माइकमध्ये खरखर येते. आता तरी आयडीटीचा ड्रायव्हर टाकू का?

भुसावळ_बेंच

हो, आता टाका. आवाज बारीक असण्याचं कारण हेच, स्पीकरला साजेसं इक्वलायझर कंपनीच्या ड्रायव्हरमध्ये असतं, सर्वसाधारण ड्रायव्हरमध्ये नसतं. माइकचं आधी सेटिंग बघा: माइकच्या प्रॉपर्टीजमध्ये लेव्हल्सखाली 'मायक्रोफोन बूस्ट' ३० डीबीवर असेल तर १० वर आणा, निम्मी खरखर तिथेच जाते.

आयडीटी आणि कोनेक्झंटचे ड्रायव्हर चिप कंपनीच्या साइटवर शोधत बसू नका, ते लॅपटॉप कंपनीच्या पानावरूनच घ्यायचे. तुमच्या मॉडेलचा विंडोज ८ चा, ६४ बिट, तोच उतरवा. एचडी ऑडिओचे ८ चे ड्रायव्हर १० वर बहुतेक चालतात. सेटअप 'ही विंडोज चालत नाही' म्हणून अडला तर फाइल सेव्हन-झिपने (फाइली उलगडायचं फुकट सॉफ्टवेअर) उघडून फोल्डरमध्ये काढा. आत नावाच्या शेवटी आयएनएफ (.inf) असलेली फाइल असेल.

आधी नेट बंद करा, नाहीतर विंडोज मध्येच स्वतःचा ड्रायव्हर घुसवतं. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या नोंदीवर अपडेट ड्रायव्हर, 'ब्राउज माय कॉम्प्युटर', 'लेट मी पिक', 'हॅव डिस्क', आणि त्या आयएनएफवर बोट दाखवा. यादीत आयडीटीचं नाव आलं तर निवडा. 'हा ड्रायव्हर जुळत नाही' अशी ताकीद आली तर पुढे जाऊ नका, फाइल दुसऱ्या मॉडेलची आहे. झालं की रीस्टार्ट. चुकून आवाज गेलाच तर त्याच 'लेट मी पिक' च्या यादीतून परत 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' निवडा, दोन मिनिटांत मागे येता.

कंपनीच्या पानावरून ती फाइल काढून टाकलेली असेल तर मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉगमध्ये हार्डवेअर आयडीची ओळ सबसिस्टिमपर्यंत चिकटवून शोधा. कॅब फाइल मिळते, तीही सेव्हन-झिपनेच उघडते, पुढची पद्धत तीच.

धुळे_टर्मिनल

शेवटी स्टार्टमध्ये 'चेंज डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज' शोधून 'नो' करा, मगच नेट सुरू करा. तरी कधी आवाज परत बदलला तर त्याच नोंदीच्या ड्रायव्हर टॅबमध्ये 'रोल बॅक' असतं. आणि ताई, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तिसऱ्या पिढीवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. पेनड्राइव्हवरचं मिंट पुसू नका, वायफाय, प्रोजेक्टर, मराठी कीबोर्ड त्यावर चालवून बघा. जॅकला मात्र आजच रबरी बूच लावा, २०-३० रुपयांत मिळतं.