उंची कमी आहे, सुती साडी फुगते. काय करू?

मृण्मयी: उंची पाच फूट, बांधा भरलेला. ऑफिसला सुती साडी नेसायचीय, पण निऱ्या पोटावर फुगतात. शिफॉन नको.

गार्गी: आधी परकर बघा! कमरेला चुण्या असलेला घेरदार परकर असेल तर निम्मा फुगारा तिथलाच. सहा कळ्यांचा, पॉपलीनचा शिवून घ्या. नाडीची गाठ मधोमध नको, बाजूला घ्या. निऱ्या पाच-सहाच, साधारण पाच इंची. खोचल्यावर कमरेखाली चार इंचांवर आतल्या बाजूने सगळ्या निऱ्यांना मिळून एक पिन लावा आणि तिथपर्यंत हाताने दाबून घ्या. पिन अगदी कमरेवर लावली तर खाली पंखा उघडतोच.

सुमेधा: काठही बघा. पाच-सहा इंची गडद काठ पायाशी आडवी रेघ ओढतो, उंची आणखी कमी दिसते. दोन इंचांच्या आतला काठ घ्या. साधी मंगलगिरी किंवा महेश्वरी छान. ब्लाउज साडीच्याच रंगछटेचा. आणि नवी साडी खळीमुळे ताठ असते, दोन-तीन धुण्यांत ती बसते. फॉल मात्र साडी आणि फॉल दोन्ही भिजवून, वाळवूनच लावा. नाहीतर एक आटतो, दुसरा नाही, आणि खालची कड गोळा होते. मग कितीही इस्त्री करा.

मृण्मयी: आणि पदर?

गार्गी: चार इंची घड्या घालून खांद्यावर पिन. मोकळा पदर दंडावर पसरतो, रुंदी वाढते. चपला मात्र नेसण्याआधीच घाला.