अर्नेस्टची कीव येणे ही प्रेक्षकाची चूक की दिग्दर्शकाची?

कुळागर, फोंडा

नमस्कार. मार्टिन स्कोर्सेझी यांचा ‘किलर्स ऑफ द फ्लॉवर मून’ हा चित्रपट मी ऑक्टोबर २०२३ मध्ये पणजीला पाहिला आणि गेल्या आठवड्यात घरी, दोन रात्रींत विभागून, पुन्हा पाहिला. पहिल्या वेळी जे खुपले होते ते दुसऱ्या वेळी अधिकच खुपले, म्हणून इथे विचारत आहे.

कथा बहुतेकांना ठाऊक असेल. ओक्लाहोमातील ओसेज या मूळनिवासी जमातीच्या जमिनीखाली तेल निघते, जमात श्रीमंत होते आणि १९२० च्या दशकात तिची माणसे एकामागून एक मरू लागतात; कोणी गोळीने, कोणी स्फोटात, तर कोणी नुसतेच खंगत जाऊन. मॉली या ओसेज स्त्रीची आई आणि तिन्ही बहिणी अशाच जातात. विल्यम हेल हा गुरांचा बडा मालक ओसेजांची भाषा बोलतो, त्यांच्या मयताला हजर राहतो, स्वतःला त्यांचा मित्र म्हणवतो, आणि कट त्याचाच असतो. अर्नेस्ट हा त्याचा भाचा आणि मॉलीचा नवरा.

माझी अडचण या अर्नेस्टची आहे. तीन तास सव्वीस मिनिटांच्या चित्रपटात आपण बहुतांश वेळ त्याच्याबरोबर वावरतो. ही भूमिका करणाऱ्या लिओनार्दो डिकॅप्रिओने ओठांचे कोपरे खाली ओढून असा एक मंद, लोभी, तरीही बायकोवर जीव असलेला माणूस उभा केला आहे की मला त्याची कीव आली. मध्यंतरात कॉफीच्या रांगेत मी मैत्रिणीला म्हणालेसुद्धा, “बिचारा मामाच्या कचाट्यात सापडला.” मध्यंतरानंतर तोच बिचारा बायकोच्या इन्सुलिनमध्ये मामाने पुरवलेले काहीतरी मिसळू लागला.

माझ्या आईला मधुमेह आहे. रोज सकाळी न्याहारीच्या आधी मी तिला इन्सुलिन टोचते. चित्रपट पाहिल्याच्या दुसऱ्या दिवशी मी पेनवरचा आकडा तीनदा तपासला, तेव्हा ती म्हणाली, “आज काय झालं तुला? रोज तर न बघता टोचतेस.” ती स्वतः माझ्या हाताकडे कधीच पाहत नाही; पदर बाजूला करून खिडकीतून पोफळींकडे पाहत बसते. त्या क्षणी मला मॉलीचा चेहरा आठवला आणि अर्नेस्टविषयी वाटलेल्या कीवेची लाज वाटली.

माझा प्रश्न असा आहे की ही गोष्ट मॉलीच्या बाजूने का सांगितली नाही? एका जमातीवर गुदरलेल्या प्रसंगाचा इतिहास सांगताना गुन्हेगाराच्या मनाची घालमेल मध्यभागी ठेवणे आपल्याला योग्य वाटते का?

बाल्कनीवाला, म्हापसा

कुळागर बाय, आपली लाज मला समजते, परंतु ती दिग्दर्शकाला अपेक्षितच होती असे माझे मत आहे. या चित्रपटाची पहिली पटकथा वेगळी होती. तीत तपास करणारा टॉम व्हाइट हा केंद्रीय अधिकारी नायक होता आणि ती भूमिका डिकॅप्रिओच करणार होता. पुढे सगळे पालटले, डिकॅप्रिओ अर्नेस्ट झाला आणि व्हाइट दोन तास उलटल्यावर, टोपी हातात घेऊन, मॉलीच्या दारात उभा राहतो.

हा बदल किती मोठा आहे हे समजण्यासाठी १९८८ चा ‘मिसिसिपी बर्निंग’ पाहावा. जून १९६४ मध्ये मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीसाठी काम करणाऱ्या तीन तरुणांचा खून झाला आणि ४४ दिवसांनी त्यांचे मृतदेह मातीच्या बांधाखाली सापडले, त्या घटनेवर तो बेतलेला आहे. मी तो कॉलेजच्या दिवसांत पाहिला आणि शेवटी मला विलक्षण बरे वाटले, कारण दोन गोरे तपास अधिकारी साऱ्या गुंडांना वठणीवर आणतात. कृष्णवर्णीय पात्रे मात्र त्यात मार खातात, रडतात, प्रार्थना करतात आणि गप्प राहतात. ज्यांची चळवळ होती त्यांनाच बोलायला वाव नाही. प्रत्यक्षात राज्याने त्या वेळी कोणावरही खुनाचा खटला भरलाच नाही. केंद्राने नागरी हक्कांच्या भंगाचा कट म्हणून खटला चालवला, १९६७ मध्ये अठरापैकी सात जण दोषी ठरले आणि त्यांतील कोणीही सहा वर्षांहून अधिक तुरुंगात राहिला नाही. मुख्य सूत्रधारांपैकी एकाला सदोष मनुष्यवधासाठी शिक्षा व्हायला २००५ साल उजाडले. हे सारे वाचल्यावर, चित्रपटगृहातून बाहेर पडताना मला जे बरे वाटले होते ते मला फसवून दिलेले बरे वाटणे होते हे ध्यानात आले.

स्कोर्सेझी तसे बरे वाटू देत नाहीत. आपण अर्नेस्टला बिचारा म्हणता, मग तो सुई उचलतो, आणि आपण त्याच्या बाजूला किती सहज जाऊन बसलो होतो ते आपल्याला कळते. तपास अधिकारी नायक असता तर आपल्याला हे कळण्याची वेळच आली नसती.

तरीही आपली तक्रार एकट्या आपलीच नाही. या चित्रपटासाठी ओसेज भाषेचा सल्लागार असलेल्या, स्वतः ओसेज असलेल्या गृहस्थांनीच प्रीमियरच्या वेळी म्हटले होते की ही कथा मॉलीच्या नजरेतून यायला हवी होती, परंतु त्यासाठी दिग्दर्शकही ओसेजच लागेल. मला हे दोन्ही मुद्दे पटतात. शेवटी रेडिओ-नाटकाच्या मंचावर स्कोर्सेझी स्वतः येऊन मॉलीच्या मृत्यूची बातमी वाचतात आणि त्या बातमीत खुनांचा उल्लेख नव्हता असे सांगून थांबतात, ती मला त्यांनी दिलेली कबुली वाटते: इथून पुढे बोलण्याचा अधिकार माझा नाही.

(मध्यंतराबद्दल एक शब्द. दिग्दर्शकाने चित्रपटात मध्यंतर ठेवलेलेच नाही. मी पाहिला तिथे एक वाक्य अर्ध्यावर तोडून दिवे लावले. असो.)

निवृत्त वकील, डिचोली

वरील दोन्ही पत्रे वाचली. भावनेची बाजू आपण मांडलीत. मला तो चित्रपट पाहताना सतत वारसाहक्काचा खटला चालू असल्यासारखे वाटत होते, आणि ते नीट उमगल्याशिवाय अर्नेस्ट उमगणार नाही असे माझे म्हणणे आहे.

ओसेजांनी आपली जमीन सरकारकडून दान म्हणून घेतलेली नव्हती, तर विकत घेतली होती. त्यामुळे १९०६ च्या कायद्याने जमिनीचे तुकडे माणशी वाटले गेले, तरी खालचे खनिज साऱ्या जमातीचे सामाईक राहिले आणि नोंदवहीतील २,२२९ जणांना उत्पन्नात प्रत्येकी एक वाटा मिळाला. याला हेडराइट म्हणत. १९२३ या एका वर्षात जमातीला तीन कोटी डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. आता मेख पाहा. हा वाटा विकता येत नसे. तो केवळ वारसाने जात असे. जी वस्तू विकतही घेता येत नाही आणि उचलूनही नेता येत नाही, ती बळकावायची तर वारस व्हावे लागते, आणि वारस होण्यासाठी आधी लग्न व मग मयत लागते. म्हणून मॉलीच्या घरातील मृत्यूंना क्रम आहे. आई आणि बहिणी आधी, म्हणजे त्यांचे वाटे मॉलीकडे यावेत. मॉली शेवटी, म्हणजे सगळेच अर्नेस्टकडे यावे. हेल हा डोके फिरलेला खुनी नव्हता. तो वाटणीचा हिशेब पक्का जाणणारा माणूस होता.

आपल्या गोव्यातील कोमुनिदादमध्ये, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेत, गावकाराला झोण, म्हणजे उत्पन्नातील वाटा, मिळतो तो जन्माने. तो लग्न करून जावयाला मिळत नाही. हेडराइटला अशी वेस नव्हती. अर्धे किंवा त्याहून अधिक ओसेज रक्त असलेल्या व्यक्तीचा वाटा जमातीबाहेरच्या माणसाला वारसाने मिळणार नाही, असा कायदा १९२५ मध्ये झाला, परंतु तोवर निदान दोन डझन माणसे गेली होती.

माझ्या चाळीस वर्षांच्या वकिलीत मी अशी स्थळे पाहिली आहेत जिथे वरपक्षाने मुलीच्या कुंडलीआधी एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा मागितला, कारण वेगळा करार केला नसेल तर गोव्याच्या कायद्याने नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरली जाते हे इथे सर्वांना पाठ असते. त्यामुळे हेल भाच्याला मॉलीच्या कुटुंबाचे वाटे समजावून देतो तेव्हा प्रेक्षागृहात मी एकटाच हसलो आणि शेजारच्या बाईंनी माझ्याकडे रागाने पाहिले. आपल्याकडेही मयत आणि परदेशस्थ मालकांच्या जमिनी बनावट दस्तऐवजांनी हडपल्याच्या प्रकरणांसाठी २०२२ मध्ये विशेष तपास पथक नेमावे लागले. मात्र मी ही तुलना इथेच थांबवतो. खोट्या सहीने घर गेलेला माणूस न्यायालयात येऊ शकतो. मॉलीची बहीण येऊ शकत नव्हती.

कुळागर यांच्या प्रश्नाला माझे उत्तर हे की अर्नेस्ट मूर्ख असेल, पण आपण कशावर सही करतो आहोत हे त्याला कळत होते. त्याने १९२६ मध्ये गुन्हा कबूल केला, जन्मठेप झाली, आणि १९३७ मध्ये तो पॅरोलवर सुटला. मॉली त्याच वर्षी वारली. हेललाही १९२९ मध्ये जन्मठेप झाली होती. तो १९४७ मध्ये सुटला. कीव करण्यासाठी माझ्याकडे दुसरी माणसे आहेत.

अक्षरओळख, साखळी

वकीलसाहेबांनी हेडराइट फार सोपा करून सांगितला, त्याबद्दल आभार. मला मात्र एका लहानशा प्रसंगाविषयी लिहायचे आहे, कारण मॉलीच्या बाजूने चित्रपट का नाही या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर तिथे आहे.

सुरुवातीच्या भागात मॉली एका कार्यालयात जाते. पैसे तिचे स्वतःचे, पण ते काढण्यासाठी समोरच्या गोऱ्या गृहस्थाची परवानगी हवी, कारण तो तिचा कायदेशीर पालक आहे. तो तिला नाव सांगायला लावतो, आणि ती आपले नाव, पुढे ‘अक्षम’ हा शब्द आणि वाटपातील आपला क्रमांक शांतपणे सांगते. अर्धे किंवा त्याहून अधिक ओसेज रक्त असलेल्या प्रौढ माणसालाही सरकारने ‘सक्षम’ ठरवेपर्यंत पालक नेमावा असे १९२१ च्या कायद्यानेच ठरवले होते, आणि हे पालक बहुधा गावातलेच वकील, व्यापारी आणि सावकार असत. मॉलीची भूमिका करणारी लिली ग्लॅडस्टोन तो शब्द उच्चारते तेव्हा तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. राग नाही, अपमान नाही. रोजचा शब्द आहे.

माझी आजी पोथी वाचत असे. हरिविजयाचे अध्याय तिला मुखोद्गत होते आणि तिची सही वळणदार होती. मी आठ-नऊ वर्षांची असताना एका सरकारी कचेरीत तिच्याबरोबर गेले होते. कारकुनाने कागद पुढे करण्याआधीच शाईचा डबा उघडून ठेवला होता. आजीने त्या डब्याकडे पाहिले, क्षणभर थांबली, आणि अंगठा पुढे केला. बाहेर आल्यावर मी विचारले की सही का केली नाही, तेव्हा ती लुगड्याच्या आतल्या बाजूला अंगठा पुसत म्हणाली, “त्याने डबा उघडला होता ना.” तो डाग सोमवारपासून शुक्रवारपर्यंत राहिला होता. मी रोज पाहत असे.

ओसेजांवर जे गुदरले त्याच्याशी याची बरोबरी नाही, हे मला कळते. परंतु त्या दृश्यात माझ्या डोळ्यांत पाणी आले ते याच कारणाने, आणि पुढच्या साऱ्या खुनांच्या वेळी आले नाही. म्हणून बाल्कनीवाले बाब म्हणतात ते मला पूर्ण पटत नाही. प्रेक्षकाला त्याचीच कीव दाखवून शरमिंदे करणे ही मोठी करामत असेल, पण त्या करामतीचा केंद्रबिंदू पुन्हा प्रेक्षकच होतो. मॉलीच्या कार्यालयातील ती दोन मिनिटे मला अर्नेस्टच्या साऱ्या कबुलीजबाबापेक्षा मोलाची वाटतात, आणि तशी आणखी वीस मिनिटे मिळाली असती तर मी हेलची वीस आनंदाने सोडली असती.

कुळागर, फोंडा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वकीलसाहेबांचा क्रमाचा मुद्दा वाचल्यावर मी मृत्यूंची यादी पुन्हा पाहिली आणि माझी कीव बरीचशी ओसरली, हे प्रांजळपणे सांगते. अक्षरओळख बाईंच्या आजीचा अंगठा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

काल रात्री मी आईला त्यातील फक्त एक दृश्य दाखवले. मॉली आणि अर्नेस्ट यांची अजून नवी ओळख आहे, जेवणाच्या मेजावर दोघेच आहेत, बाहेर वादळ सुरू होते आणि मॉली त्याला सांगते की वादळ शक्तिमान असते, थोडा वेळ गप्प बसायचे. तो काहीतरी पीकपाण्याचे बोलून जातो आणि मग गप्प होतो. आईला इंग्रजी येत नाही. तिने विचारले, “भांडली आहेत का ही दोघं?” मी म्हटले, नाही, अजून लग्नही झालेले नाही, पाऊस मोठा आहे म्हणून ती त्याला गप्प बसायला सांगते आहे. आई म्हणाली की तिची आजीसुद्धा गडगडाट सुरू झाला की सगळ्यांची तोंडे बंद करवून माजघरात बसवत असे, आणि आजोबा मात्र मध्येच सुपारी भिजेल म्हणून बोलत. मग तिने विचारले, “हाच तो, सुईवाला?” मी हो म्हटले. ती पडद्यावरच्या त्याच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “दिसत नाही तसा.”

पुढचे तिला पाहायचे नव्हते, म्हणून बंद केले.