शब्दचर्चा : मंडळीच्या 'स्ट्रॅटेजिक प्लॅन'ला मराठीत काय म्हणावं?

खजिनदार

सर्वांना सलाम. ठाण्याकडे आमची एक छोटी बाप्टिस्ट मंडळी, म्हणजे प्रोटेस्टंट पंथाचं स्थानिक चर्च, आहे. पुढच्या तीन वर्षांत कोणकोणती सेवा हाती घ्यायची, ती कोणी सांभाळायची आणि पैसा कुठून उभा करायचा, हे सगळं एकदा लिहून काढून वार्षिक सभेपुढे ठेवायचं ठरलं आहे. नमुना म्हणून अमेरिकेतल्या मंडळ्यांसाठी केलेला एक इंग्रजी कागद हाती आला आहे आणि त्यावरून मराठी मसुदा करायचं काम माझ्याकडे आहे.

अडलंय ते नावापाशीच. कमिटीत कोणी 'धोरणात्मक सेवा नियोजन' म्हणतं, कोणी 'सेवेची रणनीती', तरुण मुलं सरळ 'मिनिस्ट्री प्लॅन' म्हणतात. मोबाइलवर भाषांतर करून पाहिलं तर 'युथ मिनिस्ट्री'चं 'युवक मंत्रालय' झालं. आमच्या सभेत फारसं न शिकलेल्या आजीबाईही हात वर करून मत देतात. कागद त्यांना वाचून दाखवला की लगेच कळला पाहिजे. 'मिनिस्ट्री'ला सेवा म्हणावं, सेवाकार्य म्हणावं की सेवकाई? आणि 'व्हिजन'ला काय?

नाशिककर

'स्ट्रॅटेजी'ला मराठीत 'व्यूहरचना' हा रुळलेला शब्द आहे, तोच घ्या. 'रणनीती' हिंदीतून आली आहे, ती टाळलेली बरी. युद्धाचा वास येतो म्हणून कोणी नाक मुरडेल, पण बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानाच्या १४व्या अध्यायात प्रभू येशूने स्वतःच राजाचं उदाहरण दिलं आहे : वीस हजारांच्या फौजेवर दहा हजार घेऊन जाता येईल का, याचा तो आधी बसून विचार करतो.

जुनी_पोथी

खजिनदार, तुमच्या प्रश्नात तीन वेगळे शब्द आहेत. सर्वांत सोपा आधी घेते.

'मिनिस्ट्री'ला 'सेवा'. दुसरा शब्द शोधूच नका. 'सेवकाई' काही मंडळ्यांत बोलली जाते, पण ती हिंदी गीतांतून आणि हिंदी संदेशांतून आपल्याकडे आली. 'सेवाकार्य' चुकीचं नाही, फक्त कागदावर वारंवार आलं की जड होतं. 'तरुणांमधली सेवा', 'तुरुंगातली सेवा', 'महिला मंडळाची सेवा' असं लिहिलं की कोणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

या शब्दाचं खरं बळ बघायचं असेल तर बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक, ६वा अध्याय काढा. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जात होतं, त्यावरून कुरकुर झाली. मूळ ग्रीकमध्ये त्या रोजच्या वाटणीला जो शब्द आहे, तोच पुढे तीन ओळींवर वचनाच्या सेवेलाही आहे. आपल्या शास्त्राने, म्हणजे मराठी बायबलने, तिथे 'पंक्तिसेवा' असा नेमका शब्द योजला आहे. पंगतीत वाढणं हीही सेवा आणि व्यासपीठावरून वचन सांगणं हीही सेवाच. तेव्हा तुमच्या कागदात स्वयंपाकघर, झाडलोट, आजाऱ्यांच्या भेटी आणि उपदेश ही सगळी कामं एकाच 'सेवा' शब्दाखाली यावीत. 'आध्यात्मिक सेवा' आणि 'इतर कामे' असे दोन रकाने कृपा करून पाडू नका.

आता 'व्यूहरचना'. नाशिककर, लूकमधला राजा मला मान्य आहे. पण त्याच्या अगदी आधी बुरूज बांधणारा माणूस येतो, आणि तोही आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. दोघांतलं सारखेपण त्या 'आधी बसून' मध्ये आहे, लढाईत नाही. शिवाय तो सगळा उतारा शिष्य होण्याची किंमत मोजण्याविषयी आहे.

आणि व्यूह रचतो कोण? सेनापती. बाकीच्यांनी नेमून दिलेल्या जागी उभं राहायचं. इंग्रजी शब्दाच्या मुळाशीही ग्रीक 'स्त्रातेगोस', म्हणजे सेनापती, हाच आहे. नव्या करारात फिलिप्पै शहरातल्या ज्या अधिकाऱ्यांच्या हुकमावरून पौल आणि सीला या ख्रिस्ती प्रचारकांना छड्या मारल्या, त्यांना लूक हाच शब्द लावतो. बाप्टिस्ट मंडळीची घडण याच्या उलट आहे. वर बिशप नाही, धर्मप्रांत नाही, कुठल्या मुख्यालयातून फर्मान येत नाही. इंग्लंडमधल्या पहिल्या बाप्टिस्टांनी १७व्या शतकाच्या सुरुवातीला राजाला हेच सांगितलं होतं की विश्वासाच्या बाबतीत त्याची सत्ता चालत नाही, आणि त्यांचा पुढारी टॉमस हेल्विस त्यापायी तुरुंगात गेला. स्थानिक मंडळी प्रार्थना करते, सभासद एकत्र बसतात, ठराव मांडला जातो, सूचक-अनुमोदक येतात आणि हात वर होतात. पाळकाचं, म्हणजे पास्टरचं, मत वजनदार असतं, पण ते एकच मत असतं.

म्हणून मी 'सेवेची आखणी' सुचवते. आखायला चारजण लागतात. कोणी दोरी धरतं, कोणी खुंटी ठोकतं. शब्द शेतातला आहे, घराच्या पायाचा आहे, आजींच्या ओळखीचा आहे. आखलेली रेघ पुसून पुन्हा मारताही येते. व्यूह मोडला तर हार होते, आखणी बदलली तर कोणाची नाचक्की होत नाही.

तळटीप

आखणी छान आहे, पण तेवढ्याने भागणार नाही. 'धोरण' शब्दाला उगाच सरकारी ठरवू नका. 'धोरणी माणूस' आपण कौतुकानेच म्हणतो. आखणी म्हणजे काय काय करायचं याची मांडणी. पण दहा चांगल्या कामांतली तीनच का घेतली आणि सात का सोडली, हे सांगायला आखणी अपुरी पडते. तिथे धोरणच लागतं.

आमच्या मंडळीत नियोजनाच्या नावाखाली मागच्या वर्षीची यादीच पुन्हा छापली जाते : नाताळ, शुभ शुक्रवार, कापणीचा सण, वार्षिक शिबिर. तारखा तेवढ्या बदलतात. शब्दाचा घोळ मिटला तरी हा रोग जाणार नाही.

जुनी_पोथी

तळटीप, हे अगदी बरोबर बोललात. ६व्या अध्यायातलं धोरण हेच तर होतं. बारा प्रेषितांनी ठरवलं की पंक्तिसेवा आपण करायची नाही. काम हलकं होतं म्हणून नव्हे. दोन्ही हातांत घेतलं असतं तर दोन्हीची आबाळ झाली असती म्हणून. मग त्यांनी सगळ्या शिष्यगणाला बोलावलं, सात माणसं निवडायला सांगितली, निवड लोकांवर सोपवली आणि निवडलेल्यांवर हात ठेवले. गरज, निर्णय, माणसं, नेमणूक, हे सगळं सहा वचनांत उरकलं आहे. तेव्हा कागदाचं नाव 'सेवेची आखणी' आणि आत पहिलाच परिच्छेद 'आमचं धोरण', ज्यात काय करणार नाही तेही स्पष्ट लिहिलेलं. 'धोरणात्मक' हे विशेषण मात्र नको. ते शब्दापुढे लावलं की शब्द फुगतो, अर्थ वाढत नाही.

आपल्या परंपरेत याचा एक थोर नमुना आहे आणि त्याचा मराठीशी थेट संबंध आहे. विल्यम केरी हा इंग्रज बाप्टिस्ट मिशनरी १७९३ साली बंगालमध्ये आला. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात मिशनऱ्यांना थारा नव्हता, म्हणून १८०० साली त्याने आणि सोबत्यांनी डॅनिश सत्तेखालच्या श्रीरामपुरात ठाण मांडलं. (हे हुगळीकाठचं श्रीरामपूर, आपल्या नगर जिल्ह्यातलं नव्हे.) तिथून १८०५ साली मराठीचं व्याकरण आणि मत्तयाचं शुभवर्तमान छापून निघालं. १८१० साली कोश आला, त्यात मराठी शब्द मोडी लिपीत छापले होते. १८११ साली नवा करार आला. केरीला मराठीत मदत करणाऱ्या पंडित वैजनाथ यांच्यावाचून यातलं काहीच झालं नसतं, आणि त्यांचं नाव आपण पुरेशा आदराने घेत नाही याची मला खंत वाटते.

त्याच १८०५ सालच्या ऑक्टोबरात श्रीरामपूरच्या बांधवांनी एक करारपत्र केलं. आपण कसं काम करायचं याची त्यात ११ कलमं आहेत. लोकांची मनं कशात गुंतली आहेत ते समजून घ्यावं, त्यांना दुखावेल असं वागणं टाळावं, येतील त्या संधी सोडू नयेत, भाषांतराचं काम आणि देशी शाळा चालू ठेवाव्यात. ख्रिस्तावर विश्वास धरणाऱ्यांची नावं विनाकारण बदलू नयेत, हेही त्यात आहे. आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे : इथल्या विश्वासणाऱ्यांच्या स्वतंत्र मंडळ्या व्हाव्यात आणि त्यांनी पाळक व डीकन (मंडळीची व्यवस्था पाहायला निवडलेले सभासद) आपल्याच देशबांधवांतून निवडावेत. परदेशी मिशनरी १८०५ साली हे लिहून ठेवतात, याला मी खरं धोरण म्हणते.

ते पत्र कपाटात ठेवण्यासाठी नव्हतं. जानेवारी, मे आणि ऑक्टोबर, असं वर्षातून तीनदा ते मिशनच्या प्रत्येक ठाण्यावर जाहीर वाचायचं, असंही त्यांनी ठरवलं होतं. खजिनदार, एवढी एक गोष्ट तुमच्या कागदात उचलाच. १८१२च्या मार्चमध्ये छापखान्याला आग लागली, छपाईचे खिळे वितळले, वर्षानुवर्षांची हस्तलिखितं गेली. तरी काम पुन्हा उभं राहिलं, कारण काय करायचं आणि कशासाठी, हे सगळ्यांच्या तोंडी होतं.

'व्हिजन'ला 'दृष्टान्त' लिहायचा मोह होईल, तो आवरा. बायबलमधलं नीतिसूत्रे २९:१८ हे वचन अशा इंग्रजी कागदांवर हमखास असतं : व्हिजन नसेल तर लोकांचा नाश होतो, म्हणून प्रत्येक मंडळीने आपलं व्हिजन लिहावं. मराठी शास्त्रात तिथे 'दृष्टान्त' आहे आणि तो अगदी योग्य आहे. कारण मूळ हिब्रू शब्द संदेष्ट्याला देवाकडून होणाऱ्या दर्शनाचा आहे, आणि वचनाचा दुसरा अर्धा भाग नियमशास्त्र पाळणाऱ्याला धन्य म्हणतो. कमिटीने बसून ठरवलेल्या वाक्याला दृष्टान्त म्हणणं म्हणजे आपल्या ठरावावर देवाची सही करणं. शिवाय चर्चबाहेरचा मराठी माणूस दृष्टान्त म्हणजे दाखला समजेल, नाहीतर देव स्वप्नात येणं समजेल. तुम्ही 'आमची आशा' लिहा किंवा 'आम्हाला कुठे पोचायचं आहे' असं लिहा.

नाशिककर

'दृष्टान्त'बद्दल पटलं. 'व्यूहरचना' मागे घेतो, पण एक सांगायचं राहिलं. आखणीला 'सहकार', 'निधी' असे रकाने जोडताना मिझोरमकडे बघा. तिथल्या घरांत स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढतात, मग ते गोळा करून विकतात आणि त्यातून सेवा चालते. प्रेस्बिटेरियन आणि बाप्टिस्ट, दोन्हींकडे ही चाल आहे. आपल्याकडे 'मूठ' हा शब्द आहेच. 'निधी संकलन'पेक्षा तो जवळचा वाटेल.

खजिनदार

फार मदत झाली. मसुद्यातलं एक वाक्य जसंच्या तसं देते, ते कसं सुधारावं सांगा :

'आगामी त्रैवार्षिक कालावधीत युवक सहभागिता संवर्धनाचे धोरणात्मक उद्दिष्ट साध्य करण्याच्या दृष्टीने सर्वसमावेशक उपक्रमांची अंमलबजावणी करण्यात येईल.'

जुनी_पोथी

या वाक्यात माणूस कुठेच नाही. 'करण्यात येईल', पण करणार कोण? तुमच्याकडची नेमकी अडचण काय आहे ती आधी सांगा.

खजिनदार

नववी ते बारावीची मुलं रविवारी सकाळी क्लासला जातात. उपासनेला आई-वडील येतात, मुलं येत नाहीत. बारावी झाली की ती परत येतात असंही नाही.

जुनी_पोथी

मग हेच लिहा :

'नववी ते बारावीची आपली मुलं रविवारच्या क्लासमुळे उपासनेला येऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी जूनपासून दर शनिवारी संध्याकाळी वचनाभ्यास आणि प्रार्थना होईल. तरुण संघातले दोघं आणि एक डीकन ही सेवा सांभाळतील. त्यांची नावं सभा निवडेल. हे जमावं म्हणून शनिवारची कॉटेज मीटिंग महिन्यातून एकदाच ठेवू.'

शेवटचं वाक्य गाळू नका. तळटीप म्हणतात ते धोरण तेच आहे. त्यावर सभेत वाद होईल आणि तो व्हायलाच हवा, कारण घरोघरी भरणारी ती प्रार्थनेची मीटिंग कोणाला तरी प्रिय असणार. 'सहभागिता संवर्धन' म्हटलं असतं तर कोणी हरकत घेतली नसती आणि कोणी कामही केलं नसतं.

तळटीप

एक पुरवणी. 'डीकन'ला मराठी शास्त्रात 'सेवक' आहे, पण कागदात 'डीकन'च ठेवा. आपल्याकडे पाळकालाही 'देवाचा सेवक' म्हणतात आणि सेवा करणारा प्रत्येकजण सेवकच. 'हिशेब सेवक पाहतील' असं लिहिलं तर नेमके कोण, यावरून पुढच्या सभेत तासभर जाईल.

खजिनदार

'डीकन' कायम ठेवते. ठरावाचा मजकूर असा केला आहे : 'मंडळीची तीन वर्षांच्या सेवेची आखणी सभेपुढे वाचली. ती दुरुस्त्यांसह मान्य करावी, आणि जानेवारी, मे व ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर ती मंडळीपुढे वाचावी.' यात 'दुरुस्त्यांसह' ठेवू की 'आवश्यक त्या फेरफारांसह'?

जुनी_पोथी

'दुरुस्त्यांसह'. आणि दुरुस्त्या कोणत्या, ते त्याच इतिवृत्तात एकेक करून लिहा.