अनुभव धागा: मुलांच्या (आणि आपल्या) वागण्यासाठी थेरपिस्ट शोधताना

कडीपत्ता, पुणे

परवा एका मैत्रिणीने दबक्या आवाजात विचारलं, "तू लेकाला कुणाकडे नेत होतीस गं?" दातांच्या डॉक्टरचा नंबर आपण जिन्यातून ओरडून विचारतो, हा मात्र कायम दबक्या आवाजातच. म्हणून धागा काढतेय. मुलासाठी, स्वतःसाठी, घरातल्या कुणासाठीही शोधाशोध केली असेल तर लिहा. डॉक्टरांची नावं-नंबर नकोत. कसं शोधलंत, कुठे फसलात, तेवढं सांगा.

आधी माझं. मुलगा साडेपाचचा होता. शाळेच्या डायरीत आठवड्याला तीन-तीन लाल शेरे. ढकललं, चावला, बाकाखाली जाऊन बसला. सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या, शेजारच्या काकू म्हणाल्या दोन धपाटे घाल. मी दोन्ही करून पाहिलं.

मग ओळखीतून एक जागा कळली. तिथे बोटांचे ठसे घेऊन मेंदूचा कल सांगतात. साडेसहा हजार भरले, चाळीस पानी गुळगुळीत रिपोर्ट मिळाला. त्यात लिहिलं होतं की याच्यात नेतृत्वगुण आहेत. त्याच आठवड्यात नेतृत्वाने वर्गातल्या एकीचा दंड चावला. या ठशांच्या प्रकाराला शास्त्रीय आधार नाही हे मला नंतर कळलं. पैसे गेले ते गेलेच.

दुसऱ्या एक बाई होत्या. त्याला आत घ्यायच्या, मी बाहेर पाऊण तास भिंतीवरचं पोस्टर वाचायचे. सात सेशन झाल्यावर विचारलं, आत नेमकं काय करता? "विश्वास ठेवा." आठव्याला गेलो नाही.

शेवटी आमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांनाच विचारलं. हे पहिल्या दिवशी का सुचलं नाही, देव जाणे. त्यांनी आधी कान तपासून घेतले, झोपेचं विचारलं, रक्त तपासलं आणि मग एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं. तिने पहिल्या भेटीत मुलाशी फार बोललंच नाही. मला वही करायला सांगितली, तीन रकान्यांची: आधी काय घडलं, त्याने काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं. शाळेच्या ताईंनाही तशीच. दोन आठवड्यांनी वह्या शेजारी ठेवल्या. चावणं बहुतेक वेळा डब्याच्या सुट्टीआधी, रांगेत, गोंगाटात. आणि नंतर? शिक्षा म्हणून ऑफिसात बसवायचे. तिथे शांतता, पंखा आणि मावशींकडून एक ग्लुकोजचं बिस्किट! चावलं की बिस्किट मिळतं हा हिशोब त्याने आमच्याआधी मांडला होता.

उपाय ऐकून हसाल. डब्यांची टोपली उचलून सगळ्यांच्या पुढे चालायचं काम त्याला दिलं. "मला गर्दी नको" हे हात वर करून सांगायला शिकवलं. आणि आम्हा दोघांना गृहपाठ, रोज दहा मिनिटं त्याच्याबरोबर खेळायचं, त्यात सूचना एकही द्यायची नाही. करून बघा. मला चौथ्या मिनिटाला घाम फुटला.

रानवारा, मराठवाडा

आमच्याकडे शोधायला दोन नावंही नव्हती. मुलगी चार वर्षांची, डोकं भिंतीवर आपटायची, शब्द जेमतेम दहा. गावात सगळे म्हणायचे, बाहेरचं आहे. अंगणवाडीत तपासणीची गाडी येते ना, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, त्यातल्या डॉक्टरांनी कार्ड भरून जिल्हा रुग्णालयात पाठवलं. तिथे लवकर निदान आणि उपचाराचं वेगळं केंद्र असतं, डीईआयसी म्हणतात. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिथे पैसे लागत नाहीत. वाचा-उपचारवाले आणि मानसशास्त्रज्ञ एकाच इमारतीत भेटले.

पण फुकट म्हणजे फुकट नव्हे. एसटीने जाऊन-येऊन दिवस मोडतो आणि माझा रोज बुडतो. मधे चार महिने मानसशास्त्रज्ञांची जागा रिकामी होती. तेव्हा तिथल्या ताईंनी घरी करायच्या गोष्टी बायकोला वहीत लिहून दिल्या होत्या, त्यावर निभावलं. डोकं आपटणं आता महिन्यातून एखाद्या वेळी. पाण्यासाठी बोट दाखवून 'पा' म्हणते. आपटायची ती बऱ्याचदा तहान लागली की, हे आम्हाला दीड वर्ष कळलं नव्हतं.

जर्सीकर, न्यू जर्सी

इथे उलटं. नावं ढीगभर, पण इन्शुरन्स घेणारा थेरपिस्ट शोधून सात महिने वेटिंग. एका मराठी ताईंनी सांगितलं, शाळेला लेखी पत्र दे. तोंडी बोललेलं धरत नाहीत. सार्वजनिक शाळेत मुलाचं मूल्यमापन मोफत असतं, आणि आमच्या राज्यात त्यासाठी लेखी विनंती पोचली की २० दिवसांत पालकांबरोबर बैठक घ्यावी लागते. घेतली. तेव्हापासून प्रत्येक गोष्ट ईमेलनेच करते.

एका जागी सल्ला मिळाला की मूल गोंधळतंय, घरी फक्त इंग्रजी बोला. दोन महिने बोललो. माझ्या आईशी फोनवर मुलगा गप्प बसायला लागला. पुढच्या थेरपिस्टने विचारलं, तुम्हाला राग येतो तेव्हा कुठल्या भाषेत येतो? मग त्यालाही त्याच भाषेत रागाचे शब्द शिकवा. आता "मला जाम राग आलाय" असं म्हणून पाय आपटतो. आधी नुसतेच पाय आपटायचा.

सोलकढी, म्हापसा

चौदा वर्षांचा मुलगा. "मी वेडो ना" म्हणून खोलीचं दार लावून घेतलं. बांबोळीचं, म्हणजे तिथल्या सरकारी मनोरुग्णालयाचं, नाव काढल्यावर तर सासऱ्यांनी जेवण सोडलं. शेवटी आम्ही नवरा-बायकोच गेलो, महिनाभर, मुलाशिवाय. असं चालतं हे माहीतच नव्हतं. घरातले आवाज उतरल्यावर एके दिवशी त्यानेच विचारलं, "तुम्ही तिथं माझ्याबद्दल काय सांगता?" पुढच्या वेळी पडताळणी करायला म्हणून आला.

बिननावाचा, ठाणे जिल्हा

मुलाचं नाही, माझंच. वय ३४. रिमोट फेकला, टीव्ही फुटला, मुलगी माझ्याकडे न बघता काचा गोळा करायला लागली. रात्री दीड वाजता १४४१६ ला फोन केला. टेली मानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, मराठीत बोलतात. त्यांनी जवळच्या ओपीडीची माहिती दिली. एवढंच. अजून जातोय.

पाटीपेन्सिल

मी शिक्षिका. पालकांनो, रिपोर्ट आम्हाला दाखवायचा नसेल तर नका दाखवू, पण थेरपिस्टने काय करायला सांगितलंय ते अर्ध्या कागदावर लिहून द्या. घरी एक आणि वर्गात भलतंच असं झालं की पोर मधल्या मधे भरडतं.

गणपुले नाही, नुसता गणू, नाशिक

मी आजोबा आहे. या कहाणीतला खलनायक मीच. नातू दुकानात लोळण घ्यायचा. थेरपिस्टने सांगितलं, लोळला तरी वस्तू द्यायची नाही, ओरडायचं नाही, शेजारी उभं राहायचं. तिने आधीच बजावलं होतं की सुरुवातीला दंगा वाढेल. वाढला! चौथ्या दिवशी मेन रोडवर असा सूर लावला की दोन माणसं मोबाइल काढून उभी राहिली. सूनबाई दगडासारखी उभी. मी मागून हळूच लिमलेटची गोळी दिली.

पुढच्या सेशनला थेरपिस्टचा निरोप, आजोबांना घेऊन या. वाटलं आता आपली काशी होणार. पण तिने विचारलं, तो रडतो तेव्हा तुम्हाला काय होतं? बहात्तर वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. नंतर मला काम नेमून दिलं: गोळी द्यायचीच, पण दुकानातून शांतपणे बाहेर आल्यावर.

कडीपत्ता

आजोबा, _/\_

खरडवहीत, म्हणजे माझ्या निरोपांच्या पानावर, तिघांनी विचारलंय, माणूस खरा की पाटीच खरी हे कसं ओळखायचं? 'काउन्सेलर' ही पाटी लावायला कुणी फारसं अडवत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची मात्र भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. नंबर मागा, परिषदेच्या संकेतस्थळावर ताडून बघा. खऱ्या माणसाला राग येत नाही. गोळ्या लिहून देतात ते मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएसनंतर पुढे शिकलेले. विम्याचं म्हणाल तर २०१७ च्या कायद्याने मानसिक आजाराला इतर आजारांसारखंच संरक्षण द्यायला सांगितलंय, पण माझ्या पॉलिसीत ते अ‍ॅडमिट झाल्यावरच. आमच्या सेशनची पावती अजून ड्रॉवरमध्येच आहे.

गणू, नाशिक

नंबर मी मागितला होता. तिने कार्ड काढून दिलं आणि म्हणाली, आता तुमच्या खिशातल्या गोळ्या इकडे द्या.